वेगवान व्होल्टेज रॅम्प: चाचणीसाठी योग्य सोर्स कसा शोधावा

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल, ड्राइव्ह किंवा यूपीएस तयार करणाऱ्यांना व्होल्टेज एकाएकी घसरल्यावर आपले उपकरण तग धरते, हे कधी ना कधी सिद्ध करावे लागते. त्यासाठी दरपत्रके मागवण्याआधी नेमका कोणता रॅम्प, म्हणजे व्होल्टेजचा चढ किंवा उतार, हवा, हे लिहून काढावे. आरएमएस मूल्य (एसी व्होल्टेजचे परिणामी मूल्य) काही सायकलमध्ये क्रमाने उतरवणे आणि लहरीच्या ऐन शिखरावर व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांत पाडणे, या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत.

२३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या साइन लहरीचे शिखर ३२५ व्होल्ट असते आणि तिचा सर्वाधिक चढ मायक्रोसेकंदाला सुमारे ०.१ व्होल्ट. व्होल्टेज घसरण्याच्या चाचणीसाठीच्या आयईसी ६१०००-४-११ या मानकानुसार मात्र जनरेटरने, म्हणजे चाचणीच्या सोर्सने, १०० ओहमच्या रोधावर १ ते ५ मायक्रोसेकंदांत व्होल्टेज बदलले पाहिजे. शिखरावरून शून्यावर ५ मायक्रोसेकंदांत यायचे, तर मायक्रोसेकंदाला ६५ व्होल्ट, म्हणजे साइन लहरीच्या सहाशेपटींहून अधिक वेग लागतो.

मोटरवर चालणारा डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) येथे निरुपयोगी आहे. प्रोग्रामेबल एसी सोर्स आरएमएसचा रॅम्प उत्तम देतो. परंतु ५ मायक्रोसेकंदांच्या बदलासाठी सुमारे ७० किलोहर्ट्झ बँडविड्थ (सोर्सला पेलणारी वारंवारतेची मर्यादा) लागते आणि स्विचिंग पद्धतीच्या अनेक सोर्सना ती झेपत नाही. तेव्हा लिनिअर ॲम्प्लिफायर घ्यावा, किंवा टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरला वेगवान आयजीबीटी (सेमीकंडक्टर) स्विच जोडावेत. ही दुसरी जोडणी स्वस्त पडते, पण तिच्यातून पायरी मिळते, उतार मिळत नाही.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते व्होल्टेज परत येण्याच्या क्षणाकडे. रिकामे झालेले कपॅसिटर त्या वेळी प्रचंड करंट ओढतात. म्हणूनच २२० ते २४० व्होल्टच्या चाचणीसाठी हे मानक जनरेटरकडून ५०० अँपिअरपर्यंतच्या शिखर करंटची क्षमता मागते. सोर्सने करंट मर्यादित केला, तर प्रत्यक्ष लाइनवर उडणारा फ्यूज चाचणीत शाबूत राहतो आणि उपकरण खोटेच उत्तीर्ण होते.

वर्षातून एकदोनदाच चाचणी करायची असेल, तर खरेदी टाळून प्रयोगशाळा गाठावी. १९७४ पासूनची एर्डा ही विद्युत संशोधन व चाचणी संस्था मकरपुऱ्यातच आहे. कोणत्याही प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे मंडळ) मान्यतेच्या व्याप्तीत आपले मानक आहे का, हे आधी विचारावे. फेजला १६ अँपिअरपेक्षा अधिक करंट घेणाऱ्या उपकरणांसाठी ६१०००-४-३४ लागू होते.

विकत घ्यायचाच असेल, तर पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून १०० ओहमवर प्रात्यक्षिक मागावे. पॉवर क्वालिटी मीटर आरएमएस मूल्य अर्ध्या सायकलने नवे करतो, त्यामुळे त्यावर हा बदल दिसत नाही. सीआरओ (लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) आणि डिफरन्शियल प्रोब वापरावा, सीआरओचे अर्थिंग कधीही तोडू नये. २३० व्होल्टवर तो १०० ओहमचा रोध सुमारे ५३० वॉट उष्णता सोसणारा आणि इंडक्टन्स नसलेला असावा.