आरशाचं कोटिंग किती टक्के? व्ही-डब्ल्यू पद्धतीने घरी मोजा

दुर्बिणीचा आरसा ॲल्युमिनियमच्या कोटिंगला देताना मी सोबत मायक्रोस्कोपची एक काचपट्टी देतो, ‘हीसुद्धा आरशाशेजारीच ठेवा’ असं बजावून. कोटिंग किती टक्के प्रकाश परावर्तित करतं, ते मोजायचं या पट्टीवरच. आरसा अंतर्वक्र असल्याने किरण गोळा करतो आणि आकडे बिघडवतो.

एरवी परावर्तन मोजायला प्रमाणित आरसा (ज्याचं परावर्तन आधीच माहीत आहे असा) लागतो, आणि तो महाग. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची आरशावर १९३५ साली ॲल्युमिनियम चढवणाऱ्या जॉन स्ट्राँग यांच्या या पद्धतीत त्याची गरजच नाही. भंगारातल्या स्कॅनरमधला आरशाचा तीनेक सेंटीमीटरचा तुकडा चालतो. त्याचं कोटिंग काचेच्या पुढच्या अंगाला असतं. घरातल्या आरशाचं मागे, त्यामुळे काचेवरूनही एक फिकट ठिपका उमटतो आणि घोळ होतो.

प्लायवर रेघ मारा. तिच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर, १५ सेंटीमीटरवर या तुकड्याच्या, म्हणजे यापुढच्या ‘आरशा’च्या, जागा आखा. लाल लेझर पॉइंटर रेघेच्या लंबाशी साधारण १० अंशांत पक्का बसवा. आधी पट्टीशिवाय: आरसा रेघेपलीकडे, किरण त्यावर आपटून परत फोटोडायोडवर (प्रकाशाच्या प्रमाणात वीजप्रवाह देणारा भाग). हा ‘व्ही’. मग पट्टीचा कोटिंगचा पृष्ठभाग नेमका रेघेवर आणा आणि आरसा अलीकडच्या जागी, पट्टीकडे तोंड करून. आता किरण पट्टी, आरसा, पुन्हा पट्टी असा जातो: ‘डब्ल्यू’. पट्टीवरचे दोन ठिपके सव्वापाच सेंटीमीटर अंतरावर पडतात, म्हणून साडेसात सेंटीमीटरची काचपट्टी पुरते. डायोड जागचा हलवायचा नाही. ठिपका त्यावर येत नसेल तर जुळणी चुकली आहे.

फोटोडायोडऐवजी एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा भाग) नको, त्याचा प्रतिसाद प्रकाशाच्या प्रमाणात बदलत नाही. बीपीडब्ल्यू३४ डायोड घ्या, पुढे ट्रेसिंग पेपर लावा, मल्टिमीटर २ मिलीअँपिअरच्या रेंजवर ठेवा. त्याखालच्या रेंजमध्ये मीटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि डायोड खोटं बोलू लागतो. सेल उतरत जातात, म्हणून व्ही, डब्ल्यू, पुन्हा व्ही असं मोजा आणि दोन्ही व्हींची सरासरी धरा. डोळे किरणाच्या पातळीत आणू नका.

समजा लेझर झाकून २, व्हीला ४१४, डब्ल्यूला ३३४ मायक्रोअँपिअर आले. २ वजा करून ३३२ भागिले ४१२, म्हणजे ०.८०६. आरशावरचं परावर्तन दोन्हीकडे एकेकदाच, ते भागाकारात उडतं. पट्टीवरचं दोनदा, म्हणून वर्गमूळ काढायचं: ८९.८ टक्के. ताज्या ॲल्युमिनियमला लाल रंगात ९०च्या आसपास यायलाच हवेत. पट्टी पुढे दुर्बिणीच्या नळीतच, दुर्बिणीच्या आरशाजवळ ठेवा; पावसाळ्यानंतर तो आरसा न काढता पुन्हा मोजता येतं.