इंग्रजीतली मोडल क्रियापदं कशी शिकवावीत

कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही मोडल क्रियापदं, म्हणजे मुख्य क्रियापदाला क्षमता, परवानगी, सक्ती असा अर्थ जोडणारी साहाय्यक क्रियापदं. त्यांची यादी फळ्यावर लिहून प्रत्येकापुढे अर्थ देऊ नका. एकट्या कॅनलाच क्षमता, परवानगी, विनंती, शक्यता असे अर्थ आहेत. यादी पाठ झाली तरी बोलताना मुलं अडतातच. एका तासाला एकच काम घ्या: नियम सांगणं, सल्ला देणं, परवानगी मागणं किंवा अंदाज बांधणं.

सुरुवात नियमांपासून करा. पहिल्या १० मिनिटांत ग्रंथालयात काय करायलाच हवं, काय करायचं नाही आणि काय केलं नाही तरी चालतं, हे मुलांकडून मातृभाषेतच काढून घ्या आणि तीन रकान्यांत मांडा. मग वर मस्ट, मस्टन्ट आणि डोन्ट हॅव टू लिहा. तिसरा रकाना वगळू नका, खरा घोळ तिथेच होतो. मस्ट आणि हॅव टू अर्थाने जवळचे, म्हणून त्यांचे नकारही सारखेच असं मुलं धरून चालतात. 'यू मस्टन्ट कम' म्हणजे यायला मनाई. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे नाही आलं तरी चालेल. प्रत्येक वाक्यानंतर एकच प्रश्न विचारा: 'तो आला, तर नियम मोडला का?' उत्तर 'हो' आलं तर मस्टन्ट.

आता रचना. मोडलनंतर मूळ क्रियापद. टू नाही, एस नाही, प्रश्नात डू नाही. 'ही मस्ट गोज' ही चूक साध्या वर्तमानकाळाच्या सवयीतून येते, 'शी कॅन टू स्विम' ही वॉन्ट टूच्या. हॅव टू मात्र साध्या क्रियापदासारखं चालतं (डज ही हॅव टू गो?), म्हणून ते वेगळ्या रंगाच्या खडूने लिहा.

पुढची १५ मिनिटं जोड्यांत सराव. एकाने नियम सांगायचा, दुसऱ्याने जागा ओळखायची. मध्ये टोकू नका. चुका टिपून ठेवा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर दुरुस्त करून घ्या.

अंदाजासाठी बंद पिशवी आणा आणि एकेक वस्तू बाहेर काढा: चष्मा, खडू, तपासायच्या वह्या. पिशवी कोणाची? चष्मा दिसल्यावर 'इट माइट बी अ टीचर्स बॅग', वह्या निघाल्या की 'इट मस्ट बी'. खात्री वाढते तसं क्रियापद बदलतं, हे इथे डोळ्यांसमोर घडतं. 'असूच शकत नाही' यासाठी मुलं मस्टन्ट बी म्हणतील. तिथे कान्ट बी हवं.

विनंतीतला कुड भूतकाळ दाखवत नाही, सौम्यपणा दाखवतो, एवढं सांगून पुढे जा.

चाचणीत नुसत्या गाळलेल्या जागा देऊ नका. '... यू हेल्प मी?' इथे कॅन, कुड, विल, वुड चारही बरोबर असताना एकालाच गुण देणं मुलांवर अन्याय आहे. कोण, कोणाला आणि कशासाठी बोलतंय हे एका ओळीत द्या आणि पूर्ण वाक्य लिहून घ्या.