ओट्याखाली ओव्हन बसवताय? या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आता नवं स्वयंपाकघर निघालं की बिल्ट-इन ओव्हनचा विषय येतोच. कुणाला घरच्या घरी केकच्या ऑर्डरी घ्यायच्या असतात, कुणाला होमस्टेच्या पाहुण्यांना ताजा पाव द्यायचा असतो. जागा थोडी, म्हणून वर हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली गॅसची शेगडी, आणि त्याच्याच खाली ओव्हन अशी मांडणी ठरते. मांडणी उत्तम आहे, मी स्वतः ती सुचवतो. ट्रॉल्या आणि ओव्हन-हॉब बसवणं हेच माझं काम. पण दुसऱ्याने बसवलेला ओव्हन दुरुस्त करायला बोलावणं आलं की बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. बिघडलेली असते ती जागा, हवा किंवा वायरिंग.

ओटा आधी, ओव्हन नंतर

गवंडी ओटा करून जातो, ग्रॅनाइट बसतो, टाइल लागते आणि मग घरातली मंडळी ओव्हन आणायला दुकानात जातात. तोवर उशीर झालेला असतो. "ओटा २४ इंची आहे, ओव्हनही २४ इंचाचा असतो, बसेल की," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आधी टेप काढतो, मग बोलतो.

ओटा वरून २४ इंच खोल असला तरी खाली तेवढी जागा नसते. ग्रॅनाइटची पुढची कड इंचभर बाहेर असते. मागे प्लास्टर, टाइल आणि बऱ्याचदा गॅसची पाइप असते. कडप्प्याचे उभे पार्टिशन हातात येतात २१ इंचांचे. ओव्हनचं धड मात्र साधारण ५५० मिलिमीटर, म्हणजे २१ इंच ५ सूत (आठ सुतांचा एक इंच), आणि त्याच्या मागे हवेला जागा वेगळीच लागते. मग ओव्हन इंच-दीड इंच पुढे उभा राहतो. कुणीतरी छिन्नी घेऊन मागची भिंत खोदतो. भिंत जांभ्याची आणि पावसाळी बाजूची असली, तर पुढच्या आषाढात त्याच खाचेतून ओल आत येते आणि ओव्हनच्या पाठीला लागते.

उंचीचा हिशेब तर कुणी करतच नाही. ग्रॅनाइट आणि त्याखालचा कडप्पा मिळून दीड इंच. हॉबचं खालचं खोकं अडीच ते तीन इंच. मध्ये आडवी फळी आणि मोकळी जागा इंचभर. ओव्हनला २३ इंच ५ सूत. त्याखालची फळी पाऊण इंच. बेरीज जवळपास ३० इंचांवर पोचली, आणि अजून खालचं स्कर्टिंग, म्हणजे लादीलगतची पट्टी, धरलेलं नाही. जुन्या घरातला ३० इंची ओटा तसाच ठेवून खाली ओव्हन बसवा म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही सांगतो. नवा ओटा करायचा असेल तर ३४ इंच धरा. घरातल्या बाईची उंची कमी असेल आणि ३४ जड जात असेल, तर ओव्हन हॉबखाली न घालता शेजारच्या उभ्या कपाटात घाला. रोज दोन वेळा स्वयंपाक करणाऱ्या खांद्यांची किंमत ओव्हनपेक्षा जास्त आहे.

माझी सवय अशी: ओव्हन आणि हॉब दोन्ही खोक्यासकट घरात आल्याशिवाय मी गवंड्याला कडप्पा कापू देत नाही. किमान त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं मापांचं पान तरी हातात हवं. रुंदीला खाचा साधारण ५६० मिलिमीटर लागतो, पण 'साधारण'वर दगड कापायचा नसतो.

ओव्हनला कोंडून ठेवणं

ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक, आणि ती चांगले सुतार जास्त करतात. त्यांना मागची बाजू उघडी दिसली की काम अर्धवट वाटतं.

दापोलीच्या बाजूला एका होमस्टेमध्ये मला बोलावलं होतं. तक्रार अशी की पाव भाजायला ठेवला की अर्ध्या तासाने ओव्हन आपोआप बंद पडतो आणि तास-दीड तासाने आपोआप चालू होतो. आधी एका तंत्रज्ञाने येऊन एक सुटा भाग बदलला होता, पैसे घेतले होते, आणि ओव्हन होता तसाच होता. मी गेलो तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "हॉबच्या बटणांना हात लावून बघा." बटणं एवढी तापली होती की धरवत नव्हती. गॅस तर पेटवलेलाही नव्हता.

ओव्हन बाहेर ओढला. आत सुतारकाम बघण्यासारखं होतं: पाचही बाजूंनी प्लाय, त्यावर सुंदर सनमायका, कोपरा न् कोपरा बंद. पुढच्या बाजूने उरलेली फटही कुणीतरी सिलिकॉनने भरून टाकलेली. ओव्हनच्या आतला कूलिंग फॅन हवा कुठून खेचणार? तीच गरम हवा तो फिरवत बसला होता. उष्णता ठरावीक हद्दीपलीकडे गेली की आतला सुरक्षेचा थर्मोस्टॅट वीज तोडतो, थंड झाला की जोडतो. यंत्र स्वतःला वाचवत होतं आणि लोक त्यालाच नादुरुस्त ठरवत होते.

खरी भीती त्याच्या वर होती. हॉबकडे जाणारी गॅसची नारिंगी नळी थेट ओव्हनच्या पत्र्यावर टेकून पडली होती. टेकलेला भाग चपटा आणि कडक झाला होता, वाकवून बघितला तर बारीक चिरा दिसल्या. घरात पाहुण्यांची लहान मुलं खेळत होती. मी पहिल्यांदा पडवीत जाऊन सिलिंडर बंद केला, मग बोलायला लागलो.

दुरुस्ती त्या दिवसातच झाली. पाठीचा प्लाय कापून काढला. खालच्या फळीला मागच्या कडेने दोन इंच रुंद पट्टी कापली. स्कर्टिंगच्या एका तुकड्याजागी भोकांची स्टीलची जाळी बसवली, म्हणजे हवा खालून आत येईल आणि मागून वर चढेल. हॉब आणि ओव्हनच्या मध्ये आडवी फळी टाकली. नळी नवी घेतली आणि शेजारच्या कप्प्यातून, दिसेल अशी फिरवली. ओव्हन तोच, आणि त्यानंतर मध्येच बंद पडल्याची तक्रार आली नाही.

तेव्हा ओव्हन घेतानाच विचारा: याला कूलिंग फॅन आहे का, आणि हॉबखाली बसवायला कंपनीची परवानगी आहे का? फॅन नसलेला ओव्हन हॉबखाली घालू नका. किती जागा सोडायची तो आकडा पुस्तिकेत असतो. सुताराला तो वाचून दाखवा, तोंडी सांगू नका.

याच्याच पोटातली एक चूक घरचे लोक करतात. केक झाला की भिंतीवरचा स्विचच बंद करतात. वीज वाचवण्याची सवय चांगली, पण ओव्हन बंद केल्यावरही कूलिंग फॅन काही वेळ फिरतो, तो फिरू द्यायचा असतो. स्विच लगेच पाडलात तर आतली सगळी धग वर पॅनेलच्या सर्किटकडे आणि हॉबकडे जाते. फॅन स्वतःहून थांबला की मग स्विच बंद करा.

गॅस

सिलिंडर ओव्हनच्या शेजारच्या बंद ट्रॉलीत ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली लादीवर साचतो, आणि तिथेच ओव्हन असतो. आपल्याकडे मागची पडवी असतेच, सिलिंडर तिकडे उभा ठेवा आणि तांब्याची पाइप अधिकृत माणसाकडून आत आणून घ्या. रबरी नळी आयएस ९५७३ छाप असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नाही, आणि तिच्यावर छापलेली तारीख बघून पाच वर्षांनी बदलायची. या बाबतीत मी कुणाशीही घासाघीस करत नाही.

अर्थिंग काढून टाकणं

कुडाळजवळच्या एका घरातली गोष्ट. घर चाकरमान्यांचं, मे महिन्यानंतर बंद, उघडलं ते चतुर्थीच्या तोंडावर. नैवेद्याची गडबड, माणसांनी घर भरलेलं, मुलांना केक हवा. ओव्हन लावला की अख्ख्या घराची वीज जाते, मखराचे दिवेसुद्धा. गावातला वायरमन आला, त्याने प्लग उघडला आणि हिरवी वायर काढून ठेवली. "काय होवचा नाय, बिनधास्त वापरा." वीज जायची थांबली. घरातले खूश झाले.

मला फोन आला तो वेगळ्याच कारणाने. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, ओव्हनच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात." मी फोनवरच सांगितलं, आधी मेन स्विच पाडा आणि कुणालाही तिथे जाऊ देऊ नका.

झालं होतं ते असं. ओव्हनच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ती ओल शोषते. तीन महिने बंद घर, बाहेर कोकणातला पाऊस, आत दमट हवा, आणि ओव्हन एकदाही तापवलेला नाही. पूड ओलसर झाली, करंट थोडा थोडा पत्र्याकडे गळायला लागला. मीटरजवळच्या आरसीसीबीने, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचने, ते ओळखून वीज तोडली. म्हणजे तिने तिचं काम चोख केलं. वायरमनने अर्थिंग काढलं तेव्हा गळती थांबली नाही, तिची जमिनीकडे जायची वाट तेवढी बंद झाली. उरलेली वाट म्हणजे ओल्या हाताने, अनवाणी, लादीवर उभी असलेली बाई.

३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी जीव वाचवते, पण ती माणसाच्या अंगातून करंट जायला लागल्यावर पडावी अशी व्यवस्था कुणी जाणूनबुजून करावी का? जो वायरमन ट्रिपिंग थांबवायला अर्थिंग काढतो, त्याला परत घरात घेऊ नका, तो नात्यातला असला तरी.

योग्य मार्ग असा: ओव्हनची पिन काढा, बाकीचं घर चालू ठेवा आणि जाणत्या माणसाकडून मेगर (करंट गळतोय का ते मोजायचं मीटर) लावून कॉइल तपासून घ्या. नुसती ओल असेल तर कॉइल सुकवून घेता येते, खराब असेल तर बदलावी लागते. आणि हे होऊच नये म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ओव्हन रिकामाच अर्धा तास तापवा. घर बंद राहणार असेल तर किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांना एवढं काम सांगून जा.

घराचं अर्थिंगही एकदा तपासा. जांभ्याच्या कातळावरच्या घरात वैशाखात जमीन कोरडीठाक होते आणि जुना अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा.

विजेच्या बाकीच्या चुका

ओव्हन ३ किलोवॉटचा असेल तर २३० व्होल्टवर तो १३ अँपिअर ओढतो. त्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये घालायचा अडॅप्टर मिळतो म्हणून वापरायचा नसतो, तो वितळतो. सॉकेट ओव्हनच्या मागे घेऊ नका, शेजारच्या कप्प्यात हात पोचेल असं घ्या. वीज कडाडायला लागली की पिन काढता आली पाहिजे. वीज बिलावर मंजूर भार किती आहे तोही बघा, गिझर आणि ओव्हन एकदम चालणार असतील तर वाढवून घ्या.

केक फुगत नाही, बिस्किटं पांढरी राहतात अशी तक्रार असेल तर आधी व्होल्टेज मोजा. लाइनच्या शेवटच्या घरांत संध्याकाळी ते उतरतं. १८० व्होल्टवर ओव्हनची ताकद सुमारे ६० टक्केच उरते, त्यात ओव्हनचा दोष नाही आणि तुमच्या हाताचाही नाही.

बारीकसारीक, पण दर वेळी दिसणाऱ्या

एमडीएफ किंवा साधा प्लाय वापरू नका, आपल्या हवेत तो पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय किंवा सरळ कडप्पा वापरा.

ओव्हन पुढून स्क्रूने आवळा. नुसता सरकवून ठेवला तर उघड्या दारावर जड ट्रे टेकताच तो पुढे झुकतो. कडप्प्यात स्क्रू धरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना आधी लाकडी पट्टी घट्ट बसवून घ्या. स्क्रू स्टेनलेसचेच, समुद्राजवळ लोखंडी टिकत नाहीत.

दाराच्या मुठीला धरून ओव्हन उचलू नका. तीस-पस्तीस किलोचं वजन आहे, दोन माणसं लावा.

हॉबसाठी ग्रॅनाइट कापल्यावर पुढे जी अरुंद पट्टी उरते, तिच्याखाली आधार द्या. खाली ओव्हन आल्याने मधला कडप्पा गेलेला असतो, आणि पट्टी चिरते ती कुणीतरी ओट्यावर चढून माळ्यावरचा डबा काढताना.

दार खाली उघडतं आणि दीड फूट जागा खातं. तीन फुटी बोळासारख्या स्वयंपाकघरात दार उघडं असताना मागून कुणी जाऊ शकतं का, हे पुठ्ठा कापून आधी बघा.

हवेसाठी सोडलेल्या जागेला जाळी लावा. पाल आणि झुरळं उबेला आत जातात, पाल सर्किटवर चढली की बोर्ड जळतो. जाळी मच्छरदाणीइतकी बारीक नको, तेलकट धुळीने ती बुजते.

पहिल्यांदा वापरताना आतले थर्माकोल, पट्ट्या, प्लास्टिकची फिल्म सगळं काढा आणि खिडक्या उघड्या ठेवून २०० अंशांवर तासभर रिकामा तापवा. वास येतो तो कारखान्यातल्या तेलाचा. रील बघून त्याच दिवशी संध्याकाळी पाहुण्यांना केक खाऊ घालायची घाई करणाऱ्यांचा पहिला केक त्याच वासाचा होतो.

वीज जाऊन आल्यावर ओव्हन सुरूच होत नसेल तर घाबरून फोन करण्याआधी घड्याळ बघा. आकडे लुकलुकत असतील तर वेळ लावा, बऱ्याच मॉडेलमध्ये घड्याळ लावल्याशिवाय कॉइल तापतच नाही. घड्याळ लावूनही चालू झाला नाही तर एमसीबी बघा, मग त्याच सॉकेटला इस्त्री लावून वीज येतेय का ते बघा. इस्त्री तापली आणि ओव्हन नाही, तेव्हा माणूस बोलवा.