रणगाड्यावरचा नवा अधिकारी: आधी पाना, मग नकाशा

ड्रोनच्या जमान्यात आर्मर्ड कोअर, म्हणजे सैन्याची रणगाड्यांची शाखा, मागावी का, असं आता बरेच कॅडेट विचारतात. जरूर मागा. फक्त हे काम बरंचसं ग्रीसचं, डिझेलचं आणि फावड्याचं आहे, एवढं समजून मागा.

बारावीनंतर एनडीए, पदवीनंतर सीडीएस, मग एसएसबीची पाच दिवसांची निवड चाचणी, ही वाट सगळ्यांना ठाऊक असते. शाखा मात्र प्रशिक्षणाच्या शेवटाकडे मिळते. तुमची पसंती, गुणवत्ताक्रम आणि त्या वेळच्या जागा यांवर ती ठरते. वडील ज्या रेजिमेंटचे, तिच्यावर ‘पॅरेंटल क्लेम’ सांगता येतो. महिला अधिकाऱ्यांना २०२३ मध्ये तोफखाना खुला झाला, रणगाडे अजून नाहीत. कमिशननंतर अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये यंग ऑफिसर्स कोर्स होतो. फायरिंगसाठी जवळच के. के. रेंज आहे. कोर्स झाला म्हणजे तयार झालो, असं मानू नका. उलट कोर्स अपुरा राहिला म्हणून युद्धही थांबत नाही. १९७१ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवणाऱ्या अरुण खेत्रपाल यांना तो अर्ध्यात सोडून रेजिमेंटकडे जावं लागलं होतं.

रेजिमेंटमध्ये ४५ रणगाडे असतात: १४-१४ च्या तीन स्क्वाड्रन आणि मुख्यालयाचे तीन. तुमच्या वाट्याला ट्रूप, म्हणजे स्क्वाड्रनची छोटी तुकडी, येतो. टी-७२ किंवा टी-९० असेल तर तीन रणगाडे आणि तुम्हाला धरून नऊ माणसं. अर्जुन असेल तर बारा, कारण त्यात गोळा भरायला चौथा माणूस लागतो. ड्रायव्हर, गनर आणि कमांडर या तिन्ही जागांवर बसून काम येईपर्यंत कुणाला सल्ला देऊ नका. दफादाराला (ट्रूपमधल्या अनुभवी हवालदाराला) तुमच्यापेक्षा जास्त येतं, हे त्यालाही माहीत असतं.

सुरुवात ट्रॅकपासून, म्हणजे चाकांवरच्या साखळीपट्ट्यापासून, करा. ट्रॅक उतरण्याची कारणं ठरलेली: ताण सैल, उतारावर आडवं जाताना घेतलेलं झटक्याचं वळण, किंवा ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकात, स्प्रॉकेटमध्ये, दाबून बसलेला चिखल. टी-७२ मध्ये ताण पुढच्या आयडलर चाकाने कमीजास्त करतात. वाळूतून निघून कडक जमिनीवर आलात की थांबून तो पाहायचा. पाच मिनिटांचा कंटाळा केला, तर पिन ठोकून काढणं, ट्रॅक जमिनीवर पसरणं आणि गाडी त्यावर ओढून घेणं यात अर्धा दिवस सहज जातो.

तोफेजवळ नवखे एका गोष्टीने दचकतात. टी-७२ चा बार झाला की नळी आपोआप थोडी वर जाते. हा बिघाड नाही. ऑटोलोडरला, म्हणजे गोळा आपोआप भरणाऱ्या यंत्राला, ठरावीक कोन लागतो. आधी गोळा, मग दारू आत ढकलली जाते आणि आधीच्या बाराचं धातूचं बूड टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) मागच्या झडपेतून बाहेर फेकलं जातं. ऑटोलोडरच्या गोल फिरत्या साठ्यात, कॅरोसेलमध्ये, २२ बार (गोळा आणि त्याची दारू) मावतात. उरलेले आत इकडेतिकडे रचलेले असतात, आणि खरा धोका तिथे आहे. युक्रेनमध्ये टरेट उडालेले जे रणगाडे दिसले, त्यांच्या आतला दारूगोळाच पेटलेला होता. कॅरोसेल निदान तळाशी, बऱ्यापैकी आडोशाला असतं. जास्तीचे बार किती न्यायचे, हा निर्णय सवयीने घेऊ नये.

टी-७२ चा दुसरा दोष मागे येण्याचा. रिव्हर्सचा वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणूस चालतो तेवढा. म्हणून फायर पोझिशन निवडताना पुढे काय दिसतं याआधी मागे उतार आहे का ते बघा. दोन-तीन गाडीलांबी मागे आलं की आड होता आलं पाहिजे. तोफ खाली फक्त सहा अंशांच्या आसपास झुकते, त्यामुळे टेकडीचा माथा उंच असेल तर नेम धरण्यासाठी गाडीच जास्त बाहेर काढावी लागते. अशी जागा सोडून द्या.

डिझेलचा हिशेब पाठ ठेवा. टी-७२ च्या टाक्या सुमारे १,२०० लिटरच्या; ४५ गाड्या एकदा भरायच्या तर ५४ हजार लिटर. पूर्व लडाखमध्ये विरळ हवेने इंजिनची ताकद घटते आणि थंडीने बॅटऱ्या बसतात, म्हणून रात्री अधूनमधून इंजिन चालू करावं लागतं. डिझेल तिथेही जातं. सुमारे २५ टनांचा हलका रणगाडा झोरावर आणि टी-७२ साठी २०२५ मध्ये करार झालेली १,००० अश्वशक्तीची इंजिनं यांची गरज इथेच कळते.

पुढच्या लढाईचं म्हणाल, तर आता वरून मार येतो. चिलखत सर्वांत जाड समोर आणि पातळ छतावर. छोटं ड्रोन नेमकं छत किंवा इंजिनचा भाग शोधतं. जाळीचा पिंजरा काही वार अडवतो, पण टरेट फिरताना अडला किंवा हॅच (वरचं झाकण) पूर्ण उघडला नाही तर तोच जिवावर बेततो. पिंजरा बसवला की सगळ्या क्रूने बाहेर पडण्याचा सराव करून वेळ मोजावा. ड्रोनचा रेडिओ संपर्क तोडणारा जॅमर कामाचा, पण ऑप्टिकल फायबरच्या तारेवर उडणाऱ्या ड्रोनपुढे तो निरुपयोगी.

राहता राहिलं लपणं. यात सगळे एकच चूक करतात: गाडीवर जाळी चोख टाकतात आणि जाळीपर्यंत आलेले ट्रॅकचे ताजे चरे तसेच सोडतात. जुन्या चाकोरीतूनच आत शिरा, चरे झाडाच्या फांद्यांनी पुसा, इंजिन थंड होईपर्यंत थर्मल कॅमेऱ्याला तुम्ही दिसताच हे धरून चाला. मग आपल्याच क्वाडकॉप्टरने वरून एक फेरी मारा, एकदा उजेडात आणि एकदा रात्री थर्मल कॅमेऱ्याने. बहुतेक वेळा तीनपैकी एक गाडी सापडते, आणि तिची जागा अंधार असतानाच बदलावी लागते.