लिव्हर हॉइस्ट घसरत होता, त्याचं काय केलं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात सुताचे भरलेले बीम (सूत गुंडाळलेले मोठे रूळ) उचलायला दीड टनी लिव्हर हॉइस्ट आहे, म्हणजे दांडा मागंपुढं करून साखळीनं वजन उचलायचं हातयंत्र. मागच्या उन्हाळ्यात तो घसरायला लागला. दांडा सोडला की बीम बोटभर खाली.

साखळी बघितली, कड्या ठीक. मग ब्रेकचं झाकण खोललं, तर फ्रिक्शन प्लेटा तेलानं चिकट! कुणीतरी साखळीसोबत तिथंही ऑइल सोडलेलं. हा ब्रेक भारानंच आवळतो: वजन ओढतं तसा स्क्रू प्लेटा दाबून धरतो आणि खटका दातेरी चक्राला उलटं फिरू देत नाही. प्लेटाच तेलकट असतील तर दाब असूनही पकड नाही. तेल साखळीला, ब्रेकला थेंबही नको.

तेल मुरलेलं, त्यामुळं पुसून भागण्यासारखं नव्हतं. त्याच मॉडेलच्या नव्या प्लेटा टाकल्या, खटक्याची स्प्रिंगही बदलली. उचलताना टकटक आवाज स्वच्छ यायला हवा, तो खटक्याचा. मग बीम जमिनीपासून चार बोटं उचलून थोडा वेळ तसाच ठेवला. हलला नाही.

दांड्याला पाइप लावून जोर करायची आपल्याकडे फार हौस. तो दांडा एका माणसाच्या हाताच्या जोरापुरताच असतो. जड जातोय म्हणजे वजन जास्त आहे किंवा कुठंतरी अडकलंय. साखळीच बीमला गुंडाळून हूक अडकवणंही बंद केलं, वेगळा बेल्ट आणला. फोरमन कुरकुरतो, "मालक, यात टाइम जातो की." जाऊ दे.