पद्मिनीच्या इंजिनातला गंज काढताय? आधी या चुका टाळा

जुनी गाडी तापायला लागली की लोक आधी रेडिएटर बदलतात, मग पंखा बदलतात, आणि शेवटी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेकतात. इंजिनाच्या ब्लॉकच्या आत काय साचलंय हे बघायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यावर चाललेली पद्मिनी असेल तर तिच्या वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, लाल चिखल आणि क्षार असणारच. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, सुटून खाली बसतो आणि तिथेच घट्ट होतो. सगळ्यात जास्त गाळ मागच्या सिलिंडरभोवती मिळतो. पंप पुढच्या बाजूला असतो, आणि मागे पोचेपर्यंत पाण्याचा जोर ओसरतो.

सगळ्यात मोठी चूक ॲसिडची. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे, पण हेड ॲल्युमिनियमचं. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी निम्मं नुकसान टळेल. संडास साफ करायचं ॲसिड गंज खातं हे खरं, पण त्याहून आवडीने ते ॲल्युमिनियम खातं. नळी मोकळी करायचा कॉस्टिक सोडासुद्धा तेच करतो, वर हायड्रोजन सोडतो. जुन्या १४८९ सीसी अँबॅसिडरचं हेड बिडाचं आहे, म्हणून तिच्या मालकाचा सल्ला तुमच्या गाडीला लागू होत नाही. शंका असेल तर हेडला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ॲसिडची बाटली जागेवर ठेवून द्या.

साताऱ्याकडच्या एका तरुणाने नुकतीच पद्मिनी घेतली होती. ‘एका रात्रीत गंज साफ’ असा कुठलासा व्हिडिओ बघून त्याने ते संडासाचं ॲसिड पाण्यात मिसळून सरळ रेडिएटरमधून ओतलं, इंजिन थोडं फिरवलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी लालभडक पाणी निघालं, गडी खूश. फोटोही पाठवले. काही आठवड्यांनी सायलेन्सरमधून पांढरा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल. हेड उघडलं तर पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या, गॅस्केट बसते ती जागा खड्ड्याखड्ड्यांची. मशिन मारून सरळ करू म्हटलं तर खड्डे इतके खोल की तेवढं घासलं असतं तर हेडच उरलं नसतं. रेडिएटरच्या डाग दिलेल्या (सोल्डरच्या) जोडांतूनही पाणी झिरपायला लागलं होतं. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हेड शोधणं आलं. पहिलं मिळालं ते आधीच कुणीतरी घासून घासून पातळ केलेलं. दुसरं मिळेपर्यंत गाडी ताडपत्रीखाली. जे काम लिंबूसत्त्वाच्या पाकिटात होतं त्याला हा खर्च! घाईचा मला राग आहे तो असा.

मी स्वतः सायट्रिक ॲसिडच वापरतो, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. लिटरला साधारण ३० ते ५० ग्रॅम, ॲल्युमिनियम हेड असेल तर खालचाच आकडा. थर्मोस्टॅट काढून इंजिन मंद चालवायचं, अर्धा-पाऊण तास, मग हात सोसेल इतकं कोमट झालं की काढून टाकायचं. रात्रभर ठेवायचं नाही. गरज असेल तर पुन्हा ताजं भरा. तीन हलके हात एका जोरदार हातापेक्षा चांगले. मधे साध्या पाण्याने धुवा, मग पाण्यात मूठभर खायचा सोडा विरघळवून फिरवा, म्हणजे कोपऱ्यातलं उरलंसुरलं ॲसिड मरेल. पुन्हा धुवा. सोडा ॲसिडवर थेट ओतलात तर फेसाने बॉनेट धुऊन निघेल, म्हणून मधलं धुणं गाळू नका.

दुसरी चूक, आणि ही अनुभवी फिटरसुद्धा करतात: रेडिएटर जागेवर ठेवून ब्लॉक साफ करणं. ब्लॉकमधून सुटलेली खपली जाणार कुठे? रेडिएटरच्या नळ्यांत. नळ्या बारीक, खपली मोठी. सफाईच्या आधी गाडी चढावर तापायची, नंतर सपाटीवर तापते. मग रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून घ्यावे लागतात, आणि दोष बिचाऱ्या लिंबूसत्त्वाला.

म्हणून लिंबूसत्त्व घालायच्या आधी सुटा गाळ काढायचा. वरचा-खालचा होज सोडा, रेडिएटर वेगळा करा, वॉटर पंप काढा. ब्लॉकची ड्रेन तोटी पूर्ण काढून घ्या. पाणी आलं नाही तर आत पाणी नाही असं समजू नका, भोक गाळाने बुजलंय. तारेने टोचा, हळू. त्यापलीकडे सिलिंडरची भिंत आहे. खरंच मनापासून करायचं असेल तर ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग, म्हणजे तिथली भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोप्या, काढा. ते आत ठोकायचे नसतात, छिन्नीने छेद देऊन बाहेर उचकटायचे. तिथून बोट घालता येतं, आणि बोटाला जे लागतं ते कुठलाही केमिकलवाला दाखवत नाही. नवे प्लग शक्यतो पितळी बसवा.

धुताना पाणी उलट दिशेने सोडा, वरून थर्मोस्टॅटच्या तोंडातून. साधा नळ पुरे. गाडी धुवायचा प्रेशर पंप जुन्या रेडिएटरवर आणि हीटरवर लावू नका, फाटतो. रेडिएटर परत जोडल्यावर वरच्या होजमध्ये रेडिएटरच्या तोंडाशी जुना नायलॉनचा मोजा अडकवा आणि आठवडाभर चालवून काढा. त्यात काय अडकलं ते बघून पुढचं ठरवा.

आता फुटकळ गोष्टी.

साखर कारखान्याची मळी: सुट्या लोखंडी भागांना उत्तम, आठवडे लागतात. इंजिनात नको. ॲल्युमिनियमलाही त्रास, आणि आंबल्यावरचा वास वेगळाच.

विजेने गंज काढायची युक्ती: वळणावळणाच्या पोकळीत पोचत नाही. त्यात लागणारा धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियमला चालत नाही.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी: हेडला तडा. तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडणं: तुमचा चेहरा भाजणार.

थर्मोस्टॅट कायमचा काढणं: आपल्याकडचा लाडका गैरसमज. इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइल लवकर बिघडतं. सफाई झाली की नवा बसवा.

गंज संपूर्ण काढायचा हट्टही नको. पाणी स्वच्छ यायला लागलं की थांबा. आतला काळपट, घट्ट थर कुणाचं काही वाकडं करत नाही. शिवाय काही गळती त्या घाणीनेच रोखलेली असते. सफाईनंतर कोअर प्लग किंवा पंपाची सील गळली तर नवल नाही, म्हणून होज, गॅस्केट, प्लग आधीच आणून ठेवा. रविवारी संध्याकाळी दुकान बंद असतं.

सफाई झाली की ब्लॉक ओला आणि रिकामा ठेवू नका. उघडं लोखंड काही तासांत पुन्हा लाल होतं. त्याच दिवशी कूलंट भरा, त्यात नळाचं नाही, बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी. आरओ फिल्टरचं पाणी म्हणजे बॅटरीचं पाणी नव्हे, त्यात क्षार उरतातच. भरताना मोजून भरा. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या लिटरपेक्षा बरंच कमी मावलं तर एकतर हवा अडकली आहे, नाहीतर तेवढा गाळ अजून आत आहे. हा हिशेब मी सफाईच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा करतो.

जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून घातक कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि महिन्याभराने, गाडी गार असताना, कॅप उघडून बघा. आत तांबूस दिसलं तर पुन्हा एकदा धुवा.