लहान खोलीत, हळू आवाजात ऐकण्यासाठी बुकशेल्फ स्पीकर घेताय? या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. "दादा, जुने स्पीकर काढून चांगले बुकशेल्फ घ्यायचेत, पंचवीस हजारांपर्यंत. एकच नाव सांग." बुकशेल्फ म्हणजे टेबलावर किंवा स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर. मी नाव सांगत नाही. मी विचारतो, ऐकतोस किती वाजता? भिंतीपलीकडे कोण झोपलेलं असतं? डोक्यावर पंखा चालू असतो का? समोरच्याला वाटतं, मी टाळाटाळ करतोय. पण जेवणं आटोपल्यावर दहा बाय अकराच्या खोलीत, घरातल्या कुणाची झोप न मोडता ऐकायचं असेल, तर या तीन उत्तरांवरच सगळं ठरतं. ती उत्तरं न शोधता घेतलेल्या जोड्या सहा महिन्यांत विकायला निघालेल्या मी कितीतरी पाहिल्या आहेत.

दुकानात मोठ्या आवाजात ऐकून ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलतो.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात साडेसहा इंची वूफरची (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची) जोडी ऐकली. विक्रेत्याने ड्रम्सचं एक रेकॉर्डिंग लावलं, नॉब अर्ध्यापर्यंत नेला आणि छातीत ठोके जाणवायला लागले. दहा मिनिटांत मी पैसे मोजले. त्याच रात्री साडेदहाला ठाण्याच्या घरी एक विलंबित ख्याल लावला. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, म्हणून आवाज आपण घरात बोलतो तेवढाच ठेवला. गायकाचा आवाज आला, पण त्याच्या पायाखालची जमीनच गेली होती. तानपुऱ्याची जवारी वरवर झिणझिणत होती, खर्ज कुठेच नाही. डग्ग्याचा घुमारा नाही, नुसती चाटेची टकटक.

मग मी काय केलं? आधी केबल बदलली. नंतर अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, बदलला. आठ महिने आणि सतरा हजार रुपये गेले, तरी फरक पडला नाही. कारण बिघाड यंत्रात नव्हताच.

तो आपल्या कानाचा स्वभाव आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली तो मोजून मांडला, आणि आज आयएसओ २२६ या मानकात त्याचे आकडे मिळतात. हर्ट्झ सुराची उंची सांगतो, डेसिबल आवाजाचा जोर. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवर वाजत असेल, तर ६३ हर्ट्झचा सूर तेवढाच मोठा वाटायला साधारण ९८ डेसिबल लागतात. तोच वरचा सूर ४० डेसिबलवर आणला, तर खालच्याला सुमारे ७३ लागतात. म्हणजे आधीचा १८ डेसिबलचा फरक आता ३३ झाला. आवाज कमी करताना सगळं सारखं कमी होत नाही, खालचे सूर कितीतरी वेगाने बुडतात. काळी एक या पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. नेमकी त्याच भागातली.

मग हळू ऐकणाऱ्याने शोधायचं काय? खर्जाच्या तारेतून ६९ सोबत १३९ आणि २०८ हर्ट्झचे स्वरही निघत असतात. ते स्वच्छ आणि भरदार ऐकू आले, तर मूळ ६९ दबलेला असला तरी आपला मेंदू तो भरून काढतो. म्हणून १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा भरलेला आहे का, हे बघा. "किती खाली जातो" हा आकडा नंतर. १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या गाड्यांमधल्या अडचणीच्या जागेसाठी एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर बनवला. पाच इंची वूफर, बंद पेटी, संवेदनशीलता (एका वॅटवर एक मीटरवरून मिळणारा आवाज) जेमतेम ८३ डेसिबल. खोल खर्ज त्याच्यात नाहीच. पण वरच्या खर्जात थोडी उचल आहे आणि माणसाचा आवाज माणसासारखा येतो. लहान जागेत ऐकणारे आजही त्याचं नाव आदराने घेतात. तो आज महाग पडतो, तो घ्या असं मी म्हणत नाही. त्यांनी आवाजात काय जपलं, ते ओळखा.

आता मी दुकानात जातो तेव्हा फोनमध्ये तीन गोष्टी असतात: नुसता तानपुरा, घरात शंभरदा ऐकलेला एक विलंबित ख्याल आणि कुणाचं तरी साधं बोलणं. आवाज इतका खाली आणायला सांगतो की शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता यावं. त्या पातळीवर प्रत्येक जोडी निदान पंधरा मिनिटं ऐकतो. दोन जोड्यांची तुलना असेल तर दोन्हींचा आवाज फोनमधल्या आवाज मोजणाऱ्या मापकावर सारखा करून घेतो, कारण जरासा मोठा वाजणारा स्पीकर नेहमी चांगलाच वाटतो. विक्रेता कंटाळतो, हे खरं. पण पंचवीस हजार रुपये आपले असतात. एवढाही धीर ज्याला नाही, त्याने अजून खरेदीला निघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंख्याचा हिशेब न धरणं

माझ्या खोलीत पंखा तीनवर असला की फोनचं मापक ४७ डेसिबल दाखवतं. गाणं ५५ वर लावलं तर मध्ये आठ डेसिबल उरतात. विलंबितातली शांतता, मींडेचं शेवटचं टोक, सगळं त्या घरघरीत जातं. लोक डिसेंबरात पंखा बंद ठेवून स्पीकर पसंत करतात आणि मे महिन्यात म्हणतात, आवाज मेला.

माझा उपाय साधा आहे. पंखा एकवर ठेवा आणि स्पीकरच्या जवळ बसा. दोन मीटरवरून एक मीटरवर आलात की थेट कानावर येणारा आवाज सहा डेसिबलपर्यंत वाढतो, आणि भिंतीपलीकडच्याला काहीच जास्त ऐकू जात नाही. मी स्पीकरपासून हातभरापेक्षा थोडं लांब बसतो, दोन स्पीकरमध्येही तेवढंच अंतर ठेवतो. समोरच्या भिंतीला स्पीकर आणि पाठच्या भिंतीला सोफा, ही टीव्हीची मांडणी आहे. हळू ऐकणाऱ्याने ती मोडावी.

शंभर वॅटच्या मागे लागणं

८६ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर दोन मीटरवरून ६५ डेसिबलने ऐकायला एका वॅटचा तिसावा भाग पुरतो. हिशेब संपला.

गायिका डावीकडे सरकली म्हणून स्पीकर बदलणं

ही माझी दुसरी दुखरी जागा. कोथरूडला माझा मावसभाऊ राहतो. त्याने वर्षभरात दोन जोड्या बदलल्या. पहिली साठ टक्के किमतीत विकली, दुसरीही विकायला काढली होती. तक्रार एकच. "दादा, रात्री गायिका मधोमध उभी राहतच नाही. डाव्या स्पीकरला चिकटून बसते. दिवसा ठीक असते."

दिवसा ठीक आणि रात्री नाही, हे ऐकल्यावर मी रविवारी पुण्याला गेलो. आधी स्पीकरकडच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल केल्या. गायिका उजवीकडे गेली. म्हणजे स्पीकर निर्दोष, गडबड त्यांच्या आधी कुठेतरी. वायरी परत जागेवर लावल्या आणि डॅककडून (डिजिटल गाण्याचा विद्युत सिग्नल करणाऱ्या डबीकडून) अ‍ॅम्पकडे येणाऱ्या दोन पिना बदलल्या. गायिका डावीकडेच राहिली. म्हणजे डॅकही निर्दोष. उरला अ‍ॅम्प. त्याचा नॉब घड्याळाच्या काट्याने सांगायचं तर आठवर होता, म्हणजे बंदच्या जागेपासून जेमतेम करंगळीभर पुढे. मी तो हळूहळू अकरावर नेला आणि गायिका चालत आल्यासारखी मध्ये आली. अर्थात आवाज इतका वाढला की आतून मावशी बाहेर आली.

बहुतेक अ‍ॅम्पच्या नॉबच्या आत दोन पट्ट्या असतात, एक डावीसाठी, एक उजवीसाठी. नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात त्या दोघी एकमेकींशी नीट जुळत नाहीत, एका बाजूला काही डेसिबल जास्त जातात. मोठ्या आवाजात ऐकणारा त्या भागातून क्षणात पुढे निघून जातो, त्याला कळतही नाही. हळू ऐकणारा मात्र रोज तिथेच राहतो. त्यात आजचे बरेच डॅक दोन व्होल्टचा जोरकस सिग्नल देतात, आणि अ‍ॅम्प तो आणखी वाढवतो. मग ऐकण्याजोगा सगळा पल्ला सात ते नऊ या काट्यांमध्येच संपतो.

उपाय फुकटचा होता. प्लेअरमधला डिजिटल आवाज वीस डेसिबलने खाली आणला आणि अ‍ॅम्पचा नॉब अकरावर ठेवला. प्लेअर आणि डॅक २४ बिटवर चालत असतील, तर १६ बिटच्या रेकॉर्डिंगचं त्याने काही बिघडत नाही. ज्याच्याकडे सीडी प्लेअर आहे आणि असा आवाज कमी करता येत नाही, त्याने अ‍ॅम्पच्या इनपुटला लावायचे सिग्नल दहा डेसिबलने कमी करणारे अटेन्युएटर घ्यावेत, बोटाएवढ्या पिना असतात. भावाने विकलेली पहिली जोडी दुसरीपेक्षा चांगली होती. तिच्या जाण्याचं मला अजून वाईट वाटतं. घरातली एक वायर इकडची तिकडे करून बघायला पाच मिनिटं लागतात, तेवढी न देता लोक हजारो रुपये देतात, हे मला कधीच समजलेलं नाही.

लाउडनेस बटणाला नाक मुरडणं, किंवा ते चुकीचं वापरणं

"शुद्ध आवाज हवा, टोनला हात लावायचा नाही," असं सांगणारे भेटतात. कानच जर हळू आवाजात खर्ज गाळत असेल, तर तो परत भरण्यात अशुद्ध काय आहे? मी रोज रात्री लाउडनेस, म्हणजे हळू आवाजात खर्ज भरून देणारी अ‍ॅम्पवरची सोय, वापरतो. ज्या जुन्या अ‍ॅम्पवर नुसतं चालू-बंद बटण असतं, त्यांच्यावर कधी खर्ज जास्त होतो. तिथे लाउडनेस बंद ठेवून बासचा नॉब दोन खुणा पुढे केलेला बरा.

यामाहाच्या ए-एस ३०१, ५०१ अशा अ‍ॅम्पवर लाउडनेसचा फिरता नॉब असतो आणि तो बहुतेक जण उलटा वापरतात. आधी व्हॉल्यूमने आवाज कमी करतात, मग लाउडनेस फिरवतात, आणि आवाज आणखी खाली गेला म्हणून चिडतात. पद्धत अशी आहे: लाउडनेस फ्लॅटवर ठेवा. तुम्ही जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्या आवाजात ऐकता, तिथे व्हॉल्यूम आणा. आता व्हॉल्यूमला हात न लावता लाउडनेसच्या नॉबनेच आवाज खाली आणा. तो मधले सूर कमी करतो, खालचे जागेवर राहतात.

शोकेसमध्ये, स्टीलच्या डब्यांशेजारी ठेवणं

बुकशेल्फ म्हणतात म्हणून कप्प्यात कोंबू नका. मागे पोर्ट (हवा जाण्या-येण्याचं भोक) असलेला स्पीकर कप्प्यात घुसवला की सगळं बुम्म होतं. दहा फुटी लांबीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतोच, आणि खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांनी फुगतो. पण उलट टोकही गाठू नका. "स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे" हा सल्ला मोठ्या खोलीचा आणि मोठ्या आवाजाचा. हळू ऐकणाऱ्याला भिंतीकडून मिळणारा खर्जाचा हातभार हवा असतो. मी एका वितीपासून सुरुवात करतो आणि रोज चार बोटं पुढे-मागे करत आठवडाभर ऐकतो. फार घुमलं तर पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घालतो. स्वच्छ सुती मोजाही चालतो. दोन्ही स्पीकरना सारखाच घाला. बंद पेटीचा स्पीकर मिळत असेल तर लहान खोलीसाठी मी तोच आधी ऐकतो.

उंचीचंही बघा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीवर हवा. माझी बैठक जमिनीवर, गादीवर असते, आणि बाजारातले चोवीस इंची स्टँड मला उंच पडतात. मी पंधरा इंचांचे लाकडी करून घेतले. टेप घेऊन आपण रोज बसतो तसं बसा आणि जमिनीपासून कानापर्यंत मोजून घ्या.

थोडक्यात आणखी काही

अ‍ॅक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटर (आतच अ‍ॅम्प असलेले स्पीकर) घेणार असाल, तर गाणं न लावता ते नुसते चालू करा आणि एक मीटरवर बसा. ट्वीटरचा सूं असा आवाज दुकानाच्या गोंगाटात लपतो, रात्री घरी लपत नाही.

सबवूफर, म्हणजे फक्त खोल खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, सोसायटीच्या घरात नको. खालच्या मजल्यावर सगळ्यात आधी पोहोचतो तो त्याचाच आवाज.

लॅपटॉप चार्जरला लावल्यावर घूं येत असेल, तर चार्जर काढून बघा. थांबलं तर कारण सापडलं. मग लॅपटॉप, डॅक आणि अ‍ॅम्प एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. प्लगची तिसरी, मोठी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

आणि नवी जोडी घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस खोकं, थर्माकोल आणि पावती टाकू नका. त्या पंधरा दिवसांत निदान पाच रात्री, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या आवाजात, पंखा चालू ठेवून ऐका. पाचव्या रात्रीही तानपुऱ्याचा खर्ज जाणवत नसेल, तर सकाळी जोडी परत करून या.